दोन रिव्हॉल्व्हर आणि एक परवाना-पुस्तक

१४ डिसेंबर २०१९ रोजी शस्त्र कायद्यातली दुरुस्ती लागू झाली. त्यामुळे सामान्य माणसाला तीनऐवजी दोनच परवान्याची शस्त्रे बाळगता येतील असे ठरले. वारशाने आलेलीही त्यातून सुटली नाहीत. जादाचे शस्त्र वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे होते. शेवटची तारीख १३ डिसेंबर २०२०.

बेळगावच्या माझ्या मित्राकडे नेमकी तीन होती. बारा बोअरची बंदूक शेतावर रानडुकरांसाठी हवीच. उरली दोन रिव्हॉल्व्हर. एक आजोबांचे, एक वडिलांचे. दिवाळी झाल्यावर त्याचा फोन आला, "चोर्ला घाट चढून ये एकदा. साफ करून बघूया दोन्ही. मग काय ते ठरवतो."

मी काही शस्त्रतज्ज्ञ नव्हे. कॉलेजात आम्ही दोघे एनसीसीत होतो आणि रायफलीच्या नळीतून पुलथ्रूने चिंध्या ओढण्यात बरेच रविवार घालवले होते. तेवढीच काय ती विद्या. बाकी सरकारी कारकून असल्यामुळे जुने कागद वाचायची सवय.

त्याने टेबलावर वर्तमानपत्र पसरले. दोन्ही रिव्हॉल्व्हर रिकामी असल्याची आधी त्याने खात्री केली, मग मी. ही एनसीसीची पहिली शिकवण, ती कधी विसरू नये.

आजोबांचे वेब्ली, बर्मिंगहॅमचे. याची नळी आणि गोळ्यांची चक्री बिजागरीवर पुढे कलते आणि त्याच झटक्यात रिकामी काडतुसे वर उचलली जातात. १८८७ साली ब्रिटिश सैन्याने वेब्ली स्वीकारले आणि पुढे साऱ्या साम्राज्यात साहेबाच्या कमरेला तेच दिसू लागले. सैन्याचे ते .४५५ बोअरचे, हे त्याचे धाकटे भावंड, .३२ बोअरचे. वडिलांचे कोल्ट 'पोलीस पॉझिटिव्ह', अमेरिकेतल्या हार्टफर्डचे, तेही .३२. याची चौकट अखंड असते आणि चक्री डावीकडे बाहेर येते. चाप ओढल्याशिवाय घोडा काडतुसापर्यंत पोचू नये म्हणून आत एक अडसर असतो. 'पॉझिटिव्ह' हे नाव त्यावरूनच पडले.

दोन्ही .३२ असण्यामागे कारण आहे. सैन्याच्या आणि पोलिसांच्या शस्त्रांत चालणारी काडतुसे नागरिकांच्या हाती पडू नयेत म्हणून .३८, .४५५ हे बोअर आपल्याकडे निषिद्ध यादीत गेले. सामान्य परवानेदारासाठी उरले .३२. काडतुसांच्या डबीत पाहिले तर बुडावर 'केएफ' ही अक्षरे. म्हणजे किर्की फॅक्टरी, आपल्या पुण्याजवळच्या खडकीचा १८६९चा कारखाना.

कोणीतरी वेब्लीला खोबरेल तेल लावून ठेवले होते. बेळगावच्या थंडीत ते गोठते, धूळ धरते आणि त्याचा चिकट लगदा होतो. तो रॉकेलच्या चिंधीने काढला. चामडी म्यानातून तर दोन्ही शस्त्रे कायमची बाहेर काढायला सांगितली, कारण चामडे ओल धरते. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते उडाले की नळीत मिठासारखा क्षार उरतो आणि हवेतली ओल ओढून पोलाद खातो. हा क्षार तेलात विरघळत नाही, गरम पाण्यात विरघळतो. म्हणून जुने शिपाई आधी नळीत गरम पाणी ओतत आणि मग तेल लावत.

घरात एक गोष्ट प्रसिद्ध होती. आजोबांनी याच वेब्लीतून सहाच्या सहा गोळ्या झाडून दरोडेखोर पळवून लावले. प्रत्येक लग्नकार्यात ती निघायची. वडिलांचे रिव्हॉल्व्हर मात्र 'नुसते कपाटातले'. मित्राचा विचार ठरल्यासारखाच होता, वडिलांचे द्यायचे.

वेब्लीची नळी उजेडाकडे धरली. आतले आटे कालच कापल्यासारखे धारदार. चक्रीच्या तोंडाशी झीज नाही, बिजागरी घट्ट. बाहेरून मात्र नळीचे टोक आणि चक्रीच्या कडा म्यानात घासून पांढऱ्या पडलेल्या, मुठीवरची नक्षी गुळगुळीत. वापर भरपूर, पण बाळगण्याचा.

कोल्टचे उलटे. बाहेरून देखणे, पण चक्रीतून गोळी नळीत शिरते ती जागा खरबरीत झालेली. चक्रीवरच्या चौकटीच्या पट्टीला ज्वाळांनी बारीक चर पाडलेला. घोडा हळूहळू ओढून सहाही घरे तपासली. दोन घरांवर चक्री पुरती जागेवर येऊन अडकत नव्हती. जुन्या कोल्टमध्ये चक्री ढकलणारा छोटा हात झिजला की असे होते, आणि मग गोळी नळीच्या तोंडाशी तिरकी आदळू शकते.

"काय बघालास एवढं?" मित्राने विचारले. मी सांगितले. तो काही बोलला नाही.

मग कागद काढले. आजोबांचा जुना परवाना इंग्रज अमलातला, बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात. १९५९चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ला लागू झाला, त्यानंतरची पुस्तके म्हैसूर राज्याच्या शिक्क्याची, आणि १९७३नंतर कर्नाटकाच्या. घर न हलता शिक्के बदलत गेले! काडतुसे घेतली की दुकानदार पुस्तकात नोंद करतो. आजोबांच्या पुस्तकात तशी एकच नोंद. वडिलांच्या पुस्तकात जवळजवळ दर वर्षी.

आजोबांचे रिव्हॉल्व्हर असे का झिजले याचे उत्तर मला १८७८च्या कायद्यात सापडते. लॉर्ड लिटनच्या काळातल्या त्या कायद्याने हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना मोकळीक दिली. हा अपमान इतका सलत होता की १९३१च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला. अशा काळात परवाना मिळणे म्हणजे कलेक्टरने दिलेले अब्रूचे प्रशस्तिपत्र. ते कमरेला दिसले पाहिजे, झाडायची गरज नाही. दरोडेखोर कदाचित नुसत्या दर्शनानेही पळाले असतील. सहा गोळ्यांची खूण इतकी वर्षे टिकेलच असे नाही, त्यामुळे गोष्ट खोटी असे मी म्हणणार नाही.

"अप्पा रविवारी शेतावर एकटेच जायचे," मित्र बऱ्याच वेळाने म्हणाला. "आम्हांला वाटायचं, पाणी बघायला." अप्पा म्हणजे घरात आवाज न चढवणारा माणूस. नेम धरायचा छंद त्यांनी कुणाला सांगितला नव्हता.

मी माझा सल्ला दिला. वेब्ली ठेव, ते सुस्थितीत आहे. १९८०च्या दशकात परदेशी शस्त्रांची खासगी आयात बंद झाल्यापासून त्याला मोलही आहे. कोल्टचे हे मॉडेल कधीच बंद झाले, सुटे भाग मिळणे कठीण. ते झाडणे धोक्याचे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याने वेब्ली विक्रेत्याकडे जमा केले आणि कोल्ट ठेवले. फोनवर म्हणाला, "आजोबांची गोष्ट काय, सगळ्यांना पाठ आहे. अप्पांचं हे एवढंच आहे."

पुढच्या खेपेला मी शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेऊन गेलो. आम्ही ते पुन्हा पुसून ठेवले. काडतुसे मात्र त्याने परत घेतली नाहीत.