सीडी खराब नव्हती

26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सोनीचा पहिला सीडी प्लेअर जपानच्या बाजारात आला. या दोन गोष्टींचा आपसात काही संबंध नाही, योगायोग आहे इतकेच. पण पुढे वीसेक वर्षांनी सिरोंचा, अहेरी, एटापल्लीकडून जिल्ह्याच्या ठिकाणी काही माहिती पोहोचवायची म्हटले की एसटीत बसलेल्या कुणाच्या तरी पिशवीत ही तबकडी असायची. ईमेलचा भरवसा नव्हता. फ्लॉपीत जेमतेम 1.44 एमबी मावायचे, म्हणजे चार फोटो घातले की संपली.

त्या काळात आमच्याकडच्या शाळांत, डीटीपीच्या दुकानांत, जमातीच्या कपाटांत सीडींचे ढीग साठले. प्रश्नपत्रिका, शाळेच्या स्मरणिका, शादीचे रुक्के, कब्रस्तानच्या जागेसाठी केलेल्या अर्जांच्या नकला, कुण्या स्थानिक शायराचा कधीच न छापलेला संग्रह. 1998 ते 2010 या वर्षांतला आपल्या छोट्या गावांचा लिखित इतिहास बराचसा यांच्यावर आहे. हातकिताबतीचा कागद संपला होता आणि मोबाइल-ड्राइव्हचा जमाना यायचा होता, त्या मधल्या फटीतला हा इतिहास. आज ती तबकडी संगणकात घातली तर घरघर होते, मग एक इंग्रजी पाटी येते, आणि आपण म्हणतो, "सीडी खराब झाली." मग ती कचऱ्यात जाते, नाहीतर शेतात पाखरे हाकलायला दोरीला लटकते. माझे म्हणणे एवढेच की लटकवण्यापूर्वी तिची कुंडली पाहा. यातल्या बऱ्याच तबकड्या, विशेषतः पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या, खराब नव्हत्या आणि अजूनही नसतील.

पुसून लिहिणे आपल्याला नवे नाही. आधीच्या पिढ्या मकतबात तख्तीवर शिकल्या. लाकडी पाटीला मुलतानी मातीचा लेप, वाळली की बोरूने अलिफ-बे, उस्तादांनी पाहिले की धुऊन पुन्हा लेप. सीडी-आरडब्ल्यू ही तशी तख्तीच. कारखान्यात छापलेल्या सीडीवर बारीक खळगे दाबलेले असतात, ते बदलत नाहीत. एकदाच लिहिता येणाऱ्या सीडी-आरमध्ये रंगाचा थर असतो, लेझर तो जाळते. आरडब्ल्यूमध्ये मात्र चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचा मिश्रधातू असतो. तो 500 अंश सेल्सिअसच्या वर तापवून झटक्यात थंड केला की त्याचे कण अस्ताव्यस्त राहतात आणि तो ठिपका मंद दिसतो. तोच 200 अंशांच्या आसपास जरा सावकाश तापवला की कण पुन्हा रांगेत बसतात आणि ठिपका उजळतो. मंद म्हणजे लिहिले, उजळ म्हणजे पुसले. साधारण हजार वेळा हे चालते.

पदार्थाच्या या स्वभावावर 1968 मध्ये शोधनिबंध लिहिणारे स्टॅनफर्ड ओव्शिन्स्की हे अमेरिकेतले, भंगाराच्या व्यापाऱ्याचे चिरंजीव. कॉलेजची पदवी त्यांच्याकडे नव्हती. आम्हा बी.एड.वाल्यांनी हे अधूनमधून आठवावे. त्या शोधावरून बाजारात विकता येईल अशी सीडी यायला मात्र जवळजवळ तीस वर्षे गेली. आरडब्ल्यूचे तांत्रिक नियम 1996 मध्ये ठरले आणि 1997 मध्ये रायटर विकायला आले.

पहिली गोची इथेच झाली. छापलेल्या सीडीवरून लेझरचा सुमारे 70 टक्के उजेड परत येतो. आरडब्ल्यूवरून फक्त 15 ते 25 टक्के. 1997 च्या आधी बनलेल्या ड्राइव्हना एवढ्या मंद आरशात बघायची सवयच नव्हती, त्यांना कोरी तबकडी घातल्यासारखे वाटायचे. त्या वर्षी कंपन्यांनी मल्टिरीड नावाची अट ठरवली. ज्या ड्राइव्हवर ते नाव, तो आरडब्ल्यू वाचणार. आता चित्र बघा. चंद्रपूरच्या डीटीपीवाल्याकडे नवा रायटर, तालुक्याच्या कचेरीत किंवा शाळेत जुना सीडी-रॉम. चंद्रपुरात सुरळीत चाललेली तबकडी तिकडे गेल्यावर मुकी व्हायची, आणि बोल लागायचा तो आणणाऱ्या माणसाला. गंमत अशी की सुरुवातीचे काही डीव्हीडी प्लेअर नेमके उलटे वागायचे. त्यांच्या लाल लेझरला सीडी-आरचा रंग झेपत नसे, आरडब्ल्यू मात्र ते वाचत. म्हणून आजही पहिला उपाय हाच: एका ड्राइव्हने नाही म्हटले तर दुसऱ्यात घाला, आणि तो दुसरा शक्यतो लिहिणारा असू द्या, नुसता वाचणारा नको.

दुसरी गोची लिहिण्याच्या पद्धतीची. आरडब्ल्यूला फ्लॉपीसारखे वापरता यावे, फाइल ओढली की गेली, अशी सोय कंपन्यांनी काढली. डायरेक्ट-सीडी, इन-सीडी ही त्या सॉफ्टवेअरची नावे जुन्या लोकांना आठवतील. यासाठी तबकडीची आधी आखणी करावी लागे, त्यात 650 एमबीतले शंभराहून जास्त एमबी खर्ची पडत. त्याचे कुणाला काही वाटत नसे. अडचण अशी की ही आखणी यूडीएफ नावाच्या वेगळ्या पद्धतीची होती आणि विंडोज 98 ला तिची ही आवृत्ती वाचता येत नसे. शिवाय तबकडी काढताना सॉफ्टवेअरला नीट निरोप द्यावा लागे, तेव्हाच ते फाइलींची यादी शेवटची लिहून ठेवी. बटण दाबून ओढून काढली की मजकूर तबकडीवर, पण त्याचा पत्ता कुठेच नाही.

2001 मध्ये विंडोज एक्सपी आले आणि तिसराच घोळ झाला. एक्सपीत सीडीच्या खिडकीत फाइल टाकली की ती तिथे दिसायची, जरा फिकट. ती तबकडीवर गेलेलीच नसायची, हार्ड डिस्कवर रांगेत उभी असायची. "सीडीवर लिहा" हा हुकूम वेगळा द्यावा लागे. तो न देता तबकडी काढणारे किती होते याचा हिशेब कुणी ठेवला नाही, पण "कालपर्यंत दिसत होती हो!" हे वाक्य त्या वर्षांत ज्याने कुणी संगणकाजवळ काम केले त्याने ऐकले असणार.

यात आमच्या जिल्ह्यांनी आपली भर घातली. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता तेव्हा 2340 मेगावॉट, आणि त्या चिमण्यांचा धूर दिसतो त्या गावांत 2005 नंतरची काही वर्षे तासन्‌तास भारनियमन. लिहिता लिहिता वीज गेली की तबकडी अर्धवट. यूपीएस असला तरी त्याची बॅटरी किती दमाची हे सर्वांना ठाऊक. वर उन्हाळ्यात पारा 46-47 च्या पुढे, घुग्घुस-दुर्गापूरकडची कोळशाची धूळ, आणि उकाड्यावर उतारा म्हणून दमट वारा फेकणारा कूलर, बहुतेक वेळा संगणकाच्या शेजारीच. धूळ तबकडीवर बसते तशी ड्राइव्हच्या भिंगावरही बसते. उष्णतेचा मामला जास्त सूक्ष्म आहे. अस्ताव्यस्त कणांचा कल मुळात रांगेत परतण्याकडे असतो, आणि ऊब मिळाली की त्याला वेग येतो. म्हणजे लिहिलेले हळूहळू स्वतःच पुसले जाते. पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात पंधरा उन्हाळे काढलेल्या तबकडीला हा धोका खरा आहे. घाई करायला सांगतो ती यासाठी.

एवढे सगळे सोसून तबकडी वाचली जाते याचे श्रेय आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोन गणितज्ञांना. त्यांनी 1960 मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार मजकुराबरोबर काही जास्तीचे आकडे लिहिले जातात, आणि काही आकडे गेले तर उरलेल्यांवरून ते काढता येतात. तरावीहमध्ये हाफिजसाहेब अडखळले तर मागून सामेअ लुकमा देतो, तसेच काहीसे. एका रेषेत सुमारे 2.5 मिलिमीटरपर्यंतचा मजकूर गेला तरी सीडी सावरते. "सायक्लिक रिडन्डन्सी चेक" अशी पाटी आली तर समजा की सामेअसुद्धा गप्प झाला. ती पाटी एका जागेपुरती असते, सगळ्या तबकडीचा तो फैसला नव्हे.

पुसण्याची रीत यावरूनच ठरते. मजकूर गोल गोल लिहिलेला आहे, म्हणून गोल पुसू नका. गोल ओरखडा एकाच रेषेतला बराच मजकूर खातो. मधून कडेकडे, सायकलच्या आऱ्यांसारखे सरळ, मऊ सुती कापडाने पुसा. चिकट असेल तर पाण्यात साबणाचा एखादा थेंब. थिनर, पेट्रोल अजिबात नको. टूथपेस्ट घासण्याचा इलाज काही वेळा चालतो, पण फक्त खालच्या पारदर्शक बाजूला, आणि अगदी शेवटी. त्या बाजूला 1.2 मिलिमीटर जाडीचे प्लास्टिक आहे. नाव लिहितो त्या बाजूला मजकुरावर नुसता वार्निशचा पापुद्रा असतो. लोक चमकणारी बाजू जपतात आणि दुसऱ्या बाजूवर बॉलपेनने जोर देऊन लिहितात, ते उलटे आहे.

तबकडी एकदा दिसायला लागली की फाइली उघडून बघत बसू नका. संपूर्ण तबकडीची प्रतिमा हार्ड डिस्कवर उतरवा. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचे फुकट साधन आहे. ते सोपा भाग आधी उचलते आणि अवघड जागांवर पुन्हा पुन्हा जाते. अर्धवट राहिलेल्या, पत्ता हरवलेल्या तबकड्यांसाठी आयसोबस्टर आहे. विंडोज "ही डिस्क कोरी आहे, फॉरमॅट करू का?" असे विचारील. नाही म्हणा. रात्रभर यंत्र चालू ठेवावे लागले तरी चालेल, हल्ली वीज राहते.

आणि मग लागते दुसरे कुलूप, जे आम्हा भाषेच्या मास्तरांना जास्त छळते. फाइल मिळते पण उघडत नाही. उर्दू नस्तालीक संगणकावर आले ते 1981 मध्ये, कराचीच्या मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाक्षर-आकृत्या हाताने काढल्या तेव्हा. आपल्याकडे ते घरोघर पोचवले दिल्लीच्या कन्सेप्ट सॉफ्टवेअरच्या इनपेजने, 1994 पासून. इनपेजची स्वतःची खाजगी संकेतलिपी होती, म्हणून जुनी फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर नुसता कचरा दिसतो. मराठीचेही तेच. पुण्याच्या मॉड्युलरची श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम, प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा आणि तो नसला की "शाळा" या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरे नि चिन्हे. हा कचरा पाहूनही लोक म्हणतात, सीडी खराब. वास्तविक या टप्प्यावर सीडीने आपले काम चोख बजावलेले असते. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने दोन्हीकडे मिळतात. उर्दूत रूपांतरानंतर बारीक हे आणि दोचश्मी हे यांची सरमिसळ झालेली आढळते, मराठीत रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडतात. ते डोळ्यांनीच तपासावे लागते, आणि नववी-दहावीची मुले हे काम आनंदाने करतात.

एक बारीक गोष्ट राहिली. तबकडी ज्या कागदी पाकिटात असेल ते फेकू नका. त्यावर पेनने लिहिलेले वर्ष, दुकानाचे नाव, "इनपेज 2" किंवा "श्रीलिपी" अशी एखादी नोंद, यावरूनच कळते की आतली फाइल कशाने उघडायची.