ट्रॅक्टर : प्रतिमाने व नामांतरे

एकाच अभिकल्पाचा ट्रॅक्टर निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या देशांत वा निरनिराळ्या विक्रेत्यांमार्फत वेगवेगळ्या नाममुद्रांनी (ब्रँडनी) विकला जातो. या पद्धतीस नामपट्टी-बदल किंवा नामांतर असे म्हणतात. ट्रॅक्टरच्या पुढील झाकणावरील (बॉनेटवरील) नावाची पट्टी, रंग आणि जाळी बदलली, तरी एंजिन, गतिबदल दंतचक्रपेटी, मागील आस व उच्चालक (हायड्रॉलिक) यंत्रणा बहुधा तशाच राहतात. याउलट, आतील यंत्र पूर्णपणे बदलूनही जुने नाव किंवा जुना प्रतिमान क्रमांक कायम ठेवला जातो. त्यामुळे नाव आणि यंत्र यांचे इतिहास स्वतंत्रपणे पाहावे लागतात. भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, तयार झालेल्या ट्रॅक्टरांवरून ही गोष्ट चांगली स्पष्ट होते.

प्रकार : नामांतराचे मुख्यत्वे चार प्रकार आढळतात. (१) परदेशी कंपनीच्या परवान्याखाली उत्पादन सुरू होते व करार संपल्यावर देशी उत्पादक तेच यंत्र स्वतःच्या नावाने काढतो. (२) एक कंपनी दुसरी विकत घेते. परंतु गिऱ्हाइकांचा विश्वास टिकविण्यासाठी विकत घेतलेल्या कंपनीचे नाव चालू ठेवते. (३) एकच कंपनी आपल्या वेगवेगळ्या विक्रेत्यांसाठी वेगवेगळी नावे वापरते. (४) कंपनी स्वतः न बनविलेले यंत्र दुसऱ्याकडून तयार करून घेऊन त्यावर आपली नामपट्टी लावते.

पूर्वेतिहास : अमेरिकेत १९०२ मध्ये मॅकॉर्मिक, डिअरिंग व आणखी काही कापणी यंत्रे बनविणाऱ्या कंपन्या एकत्र येऊन इंटरनॅशनल हार्वेस्टर ही कंपनी स्थापन झाली. पूर्वी एकमेकांशी स्पर्धा करणारे दोन्ही बाजूंचे विक्रेते कंपनीने कायम ठेवले. ट्रॅक्टरांच्या बाबतीत मॅकॉर्मिकच्या विक्रेत्यांना ‘मोगल’ आणि डिअरिंगच्या विक्रेत्यांना ‘टायटन’ अशा दोन मालिका पुरविण्यात आल्या. मक्तेदारीविरोधी खटल्यानंतर १९१८ मध्ये कंपनीला एका गावी एकच विक्रेता ठेवण्याचे मान्य करावे लागले आणि दोन मालिकांचे प्रयोजन संपले. पुढे ‘मॅकॉर्मिक-डिअरिंग’ हे जोडनाव रूढ झाले. येथे नाव यंत्राच्या गुणधर्मावरून नव्हे, तर विक्रीच्या व्यवस्थेवरून ठरले होते.

वृक्षतोडीसाठी वापरल्या जाणाऱ्या साखळी करवतीचा इतिहासही असाच आहे. जर्मनीतील श्टील कंपनीची १९५९ सालची ‘काँट्रा’ ही करवत उत्तर अमेरिकेत ‘लाइटनिंग’ या नावाने विकली गेली. हुस्कव्हार्ना, जॉनसेरेड व पार्टनर ही स्वीडनमधील एकेकाळची स्वतंत्र नावे पुढे इलेक्ट्रोलक्स या एकाच उद्योगसमूहाकडे आली. डोल्मार ही जर्मन कंपनी १९९१ मध्ये माकिता या जपानी कंपनीने घेतली. अशा जुन्या करवतींचे सुटे भाग शोधताना मूळ उत्पादक कोण, हाच पहिला प्रश्न असतो. ट्रॅक्टरला तोच प्रश्न अधिक मोठ्या प्रमाणावर लागू पडतो. कारण ट्रॅक्टरची किंमत व त्याचे आयुष्य या दोन्ही गोष्टी मोठ्या असतात.

भारतातील प्रारंभ : स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत भारतात ट्रॅक्टर आयात केले जात. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने कांस या खोल मुळांच्या गवताने व्यापलेली जमीन नांगरून लागवडीखाली आणण्याचे काम हाती घेतले. याकरिता लागणाऱ्या अवजड यंत्रांसाठी जागतिक बँकेने १९४९ मध्ये १ कोटी डॉलरचे कर्ज दिले. या कामाचे एक मोठे क्षेत्र तत्कालीन मध्य प्रदेशात होते व १९५६ पर्यंत त्या राज्याची राजधानी नागपूर होती. मध्य प्रदेशातीलच बुधनी येथे १९५५ मध्ये ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. ट्रॅक्टरांच्या प्रतिमानांची चाचणी घेणारी केंद्रीय संस्था म्हणून ते पुढे विकसित झाले.

देशी उत्पादनास १९६० च्या सुमारास चालना मिळाली. आयशरने फरीदाबाद येथे १९५९ मध्ये जर्मन सहकार्याने ट्रॅक्टर जुळणीस प्रारंभ केला. मद्रासमध्ये टॅफे कंपनीने मॅसी-फर्ग्युसनचे, बडोद्यात हिंदुस्तान ट्रॅक्टर्सने चेकोस्लोव्हाकियातील झेटरचे आणि एस्कॉर्ट्‌सने पोलंडमधील उर्सुसचे अभिकल्प घेतले. १९७१ पासून एस्कॉर्ट्‌सच्या जोडकंपनीत फोर्ड ट्रॅक्टर तयार होऊ लागले. सरकारी क्षेत्रातील हिंदुस्तान मशीन टूल्सने (एचएमटी) पिंजोर येथे १९७१ मध्ये झेटरच्याच सहकार्याने उत्पादन सुरू केले. अशा रीतीने झेटरचा एक वंश भारतात दोन वेगळ्या नावांखाली चालू राहिला.

महाराष्ट्रातील उदाहरण–बी-२७५ : इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ब्रिटनमधील शाखेने १९५८ मध्ये बी-२७५ हे प्रतिमान बाजारात आणले. त्यावर ‘मॅकॉर्मिक इंटरनॅशनल’ अशी पट्टी असे. त्याचे चार सिलिंडरांचे डीझेल एंजिन सु. २,३६० घ. सेंमी. क्षमतेचे व सु. ३५ अश्वशक्तीचे होते. दंतचक्रपेटीत आठ पुढील व दोन मागील गती होत्या.

महिंद्रा अँड महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास यांनी १९६३ मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया ही कंपनी स्थापन केली. महिंद्राच्या नावामागेही नामांतराचाच इतिहास आहे : १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ म्हणून सुरू झालेल्या या संस्थेचे नाव फाळणीनंतर, १९४८ मध्ये, बदलण्यात आले. नव्या कंपनीच्या मुंबईतील कांदिवली येथील कारखान्यात १९६५ पासून बी-२७५ तयार होऊ लागला. ब्रिटनमध्ये या प्रतिमानाचे उत्पादन १९६८ च्या सुमारास थांबले. परंतु भारतात त्याचा वंश पुढे चालू राहिला. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रा अँड महिंद्रामध्ये विलीन होऊन तिचा ट्रॅक्टर विभाग बनली. कंपनीच्या नावातील ‘इंटरनॅशनल’ हा शब्द गेला व ‘महिंद्रा’ हेच नाव ट्रॅक्टरवर रूढ झाले.

मूळ अमेरिकन कंपनीवर त्यानंतर लवकरच संकट आले. तिचा कृषि-अवजारांचा व्यवसाय १९८५ मध्ये टेनेको समूहाने घेतला आणि आपल्या जे. आय. केस या कंपनीत मिळविला. ‘केस आयएच’ ही नाममुद्रा त्यातून निर्माण झाली. उरलेला मालमोटारींचा व्यवसाय १९८६ पासून नॅव्हिस्टार या नावाने चालू राहिला. ब्रिटनमधील डॉन्कास्टर येथील कारखाना सु. २००१ मध्ये इटलीतील आर्गो समूहाकडे गेला व तेथे ‘मॅकॉर्मिक’ हे जुने नाव नव्या ट्रॅक्टरांवर पुन्हा झळकू लागले. २००७ मध्ये तो कारखाना बंद झाला. म्हणजे नाव एका कंपनीकडे, कारखाना दुसरीकडे आणि अभिकल्पाची परंपरा तिसरीकडे, अशी वाटणी झाली. यांपैकी अभिकल्पाची परंपरा महाराष्ट्रात राहिली.

भारतात पुढे ‘२७५’ हा क्रमांकच एक नाव बनला. महिंद्राच्या २७५ डीआय या प्रतिमानात थेट अंतःक्षेपणाचे (डिरेक्ट इंजेक्शन) एंजिन आले. भूमिपुत्र, एक्सपी प्लस, युवो अशा मालिकांतून हा क्रमांक वापरला गेला. अलीकडील २७५ डीआय प्रतिमानांत सु. २,०४८ घ. सेंमी. क्षमतेचे तीन सिलिंडरांचे एंजिन असते. म्हणजे १९६५ सालच्या बी-२७५ चे एंजिन व या ट्रॅक्टरचे एंजिन यांत क्रमांकापलीकडे फारसे साम्य उरलेले नाही. नामांतराचा हा उलट प्रकार होय : येथे पट्टीवरील अंक टिकला व यंत्र बदलले. शेतकऱ्यांच्या दोन पिढ्यांनी ओळखलेला अंक सोडणे कोणत्याही उत्पादकास परवडणारे नसते.

महिंद्राच्या ट्रॅक्टर-उत्पादनाचे एक प्रमुख केंद्र नागपूर येथे आहे. शहरालगतच्या हिंगणा औद्योगिक क्षेत्रातील या कारखान्यामुळे विदर्भात ट्रॅक्टरशी संबंधित रोजगार व सुट्या भागांचे लघुउद्योग वाढण्यास मदत झाली. विदर्भातील काळ्या, चिकण जमिनीत खोल नांगरटीस मोठे कर्षण लागते. त्यामुळे कापूस, सोयाबीन व संत्री यांच्या पट्ट्यात ट्रॅक्टर हे शेतीच्या मशागतीचे मुख्य साधन झाले आहे.

इतर भारतीय नामांतरे : नाशिक येथे किर्लोस्कर उद्योगसमूहाने १९७४ च्या सुमारास जर्मनीतील डॉइट्‌स कंपनीच्या सहकार्याने ट्रॅक्टर काढले; परंतु हे उत्पादन फार काळ टिकले नाही. फोर्डशी असलेला संबंध संपल्यावर एस्कॉर्ट्‌सने त्याच वंशाच्या ट्रॅक्टरांना ‘फार्मट्रॅक’ हे नाव दिले. आयशरचा ट्रॅक्टर व्यवसाय २००५ मध्ये टॅफेने घेतला, तरी ‘आयशर’ हे नाव कायम राहिले. महिंद्राने १९९९ मध्ये बडोद्याच्या गुजरात ट्रॅक्टर्सचा ताबा मिळविला. २०१७ मध्ये ती कंपनी ग्रोमॅक्स झाली व तिचे ट्रॅक्टर ‘ट्रॅकस्टार’ या नावाने येऊ लागले. दुर्गापूर येथील केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या देशी अभिकल्पावर आधारलेला ‘स्वराज’ ट्रॅक्टर १९७४ मध्ये पंजाबात तयार होऊ लागला. २००७ मध्ये त्याच्या कंपनीचे नियंत्रण महिंद्राकडे आले. परंतु ‘स्वराज’ हे नाव बदलण्यात आले नाही. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग मात्र २०१६ मध्ये बंद करण्यात आला.

परदेशी नाव बाजूला ठेवण्याची ही प्रवृत्ती ट्रॅक्टरपुरती मर्यादित नव्हती. व्हेस्पाच्या परवान्याची मुदत १९७१ मध्ये संपल्यावर पुण्याच्या बजाज ऑटो कंपनीने १९७२ मध्ये ‘चेतक’ स्कूटर आणली. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ व बजाज यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या सातारा येथील कारखान्यातून बजाजच्याच अभिकल्पाची स्कूटर ‘प्रिया’ या नावाने निघाली. परदेशी नाममुद्रांचा देशांतर्गत विक्रीसाठी वापर होऊ नये, असे तत्कालीन शासकीय धोरण होते. त्याचाही या प्रवृत्तीस हातभार लागला.

१९९४ मध्ये महिंद्राने अमेरिकेतील टेक्सस राज्यात आपली विक्री कंपनी सुरू केली, तेव्हा चक्र उलट फिरले. तेथील बागायती व छोट्या शेतीसाठी लागणारे लहान ट्रॅक्टर दक्षिण कोरिया व जपान येथील उत्पादकांकडून करवून घेऊन ‘महिंद्रा’ नावाने विकण्यात आले. एकेकाळी दुसऱ्याच्या अभिकल्पावर उभी राहिलेली भारतीय नाममुद्रा आता इतरांच्या यंत्रांना नाव देऊ लागली. नाममुद्रेला यंत्राहून स्वतंत्र मूल्य असते, हे २०२५ मध्ये पुन्हा दिसून आले. टॅफे आणि अमेरिकेतील ॲग्को या कंपन्यांमधील वाद मिटून भारत, नेपाळ व भूतान या देशांपुरती ‘मॅसी-फर्ग्युसन’ या नावाची मालकी टॅफेकडे आली.

शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्व : नामांतराचा परिणाम अवजारांवर फारसा होत नाही. हॅरी फर्ग्युसन यांनी रूढ केलेल्या त्रिबिंदू जोडणीची मापे आणि शक्ति-निष्कासन दंडाची मिनिटाला ५४० फेऱ्यांची गती पुढे प्रमाणित झाली. त्यामुळे नांगर, वखर किंवा मळणी यंत्र योग्य शक्तीच्या कोणत्याही नावाच्या ट्रॅक्टरला जोडता येते. सुट्या भागांचे मात्र तसे नसते. दट्ट्या, धारवा (बेअरिंग), दंतचक्र किंवा अंतःक्षेपण पंप हे नावानुसार नव्हे, तर मूळ अभिकल्पानुसार बसतात. नाव एकच असूनही दोन काळांतील ट्रॅक्टरांचे भाग एकमेकांना बसत नाहीत; उलट, नावे भिन्न असूनही एका वंशाच्या ट्रॅक्टरांचे काही भाग बसतात. ऐन पेरणीच्या दिवसांत चुकीचा भाग आणला गेल्यास शेतकऱ्याचा हंगाम वाया जाण्याचा धोका असतो. ज्याची नाममुद्रा बाजारातून नाहीशी झाली आहे, असा ट्रॅक्टर वंशाची ओळख पटल्यास अनेक वर्षे चालू ठेवता येतो. ती न पटल्यास तो मोडीत निघतो.

म्हणून जुना ट्रॅक्टर विकत घेताना वा दुरुस्त करताना रंग व पट्टी यांवर विसंबून चालत नाही. कारण या दोन्ही गोष्टी नंतर सहज बदलता येतात. सांगाड्यावरील (चासीवरील) व एंजिनावरील क्रमांक नोंदणी पुस्तिकेशी ताडून पाहणे, दंतचक्रपेटी व सिलिंडर ठोकळा यांच्या ओतीव पृष्ठभागावर उठविलेले भागक्रमांक वाचणे आणि सिलिंडरांची संख्या व एंजिनाची क्षमता तपासणे, ही ओळखीची खात्रीशीर साधने होत. बुधनी येथील चाचणी-अहवालही विशिष्ट प्रतिमानाचाच असतो. तो त्याच नाममुद्रेच्या दुसऱ्या प्रतिमानास लागू होत नाही.

यांत्रिक शेतीच्या इतिहासातही या नोंदींना महत्त्व आहे. कारखान्यांची दप्तरे विलीनीकरणात विखुरतात आणि विक्रेत्यांची दुकाने बंद होतात. परंतु ओतीव लोखंडावरील अंक टिकून राहतात. एखाद्या गावच्या वाड्यात पडून असलेला बी-२७५ हा ब्रिटिश अभिकल्प, अमेरिकन नाव व महाराष्ट्रातील कामगारांचे श्रम यांचा एकत्रित पुरावा असतो. त्याची पट्टी गळून पडली असली, तरी त्यावरील अंकांवरून हा इतिहास वाचता येतो.