नाचाच्या रात्रीचा हिशोब

आफ्रिकेतल्या शहरांच्या नृत्यसंगीताकडे जो नव्याने वळतो, तो बहुधा गाण्याचं बोट धरून येतो. फेला कुटीची एखादी ध्वनिमुद्रिका, फ्रँकोची गिटार नाहीतर हल्लीचं अमापियानो कानावर पडतं आणि माणूस अडकतो. यावं ते असंच. माझं सांगणं एवढंच, की आत आल्यावर आधी पैशाची वही उघडावी. रात्र कोणी जमवली, पुढल्या शनिवारी तीच माणसं पुन्हा का आली, त्यांचं एकमेकांशी देणंघेणं काय होतं, हे तिथे सापडतं.

१९२० आणि १९३०च्या दशकांतल्या जोहान्सबर्गची सामाईक अंगणं घ्या. दाटीवाटीच्या खोल्या, मधे मोकळी जागा आणि तिच्या मातीत पुरलेले बिअरचे डबे. घरी बिअर करणं बेकायदा होतं. म्हणून बायका ती डब्यांत भरून जमिनीत गाडत आणि पोलिसांची धाड येऊन गेली की वरची माती सारत. शनिवारी रात्री कोणाच्या तरी खोलीत पायपेटी लागे. संगीत नाटकामुळे आपल्याला हे वाद्य परकं नाही; तिथे मात्र त्याच्या साथीला खडे भरलेला डबा खुळखुळे आणि तेच ते मोजके स्वरमेळ पहाटेपर्यंत फिरत राहत. या संगीताचं नाव माराबी. येणारा नाणी मोजून देई आणि खाण्यापिण्याचा पैसा घरधनिणीकडे जमे. पुढल्या खेपेला दुसरीची पाळी. याच चालीला स्टॉकव्हेल म्हणतात. ही आपली भिशीच, फक्त वाजतगाजत फिरणारी. आज तुम्ही तिच्याकडे गेला नाहीत, तर तुमच्या पाळीला तुमची खोली रिकामी राहणार. ‘समुदाय’ हा शब्द अभ्यासक फार सैल वापरतात. इथे तो नाण्यांत मोजता येतो.

काँगो नदीकाठी, तेव्हाच्या लिओपोल्डव्हिलमध्ये म्हणजे आजच्या किन्शासात, हेच वेगळ्या रूपात दिसतं. ओके जॅझ हा फ्रँकोचा वाद्यवृंद १९५६ साली ज्या बारमध्ये उभा राहिला, त्या ओके बारवरूनच त्याचं नाव पडलं. अशा बारमधून बायकांची मंडळं येत, एकसारखं कापड नेसून एकत्र बसत. त्यांना ‘मोझिकी’ म्हणत. आपसांत वर्गणी काढायची, अडीनडीला एकमेकींच्या पाठीशी उभं राहायचं आणि आपल्या आवडत्या वाद्यवृंदाला गर्दी मिळवून द्यायची, हे त्यांचं काम. काँगोच्या रुम्ब्याचा इतिहास गिटारवाल्यांच्या नावांनी लिहिला जातो, याची मला खरोखर खंत वाटते. त्या टेबलांभोवतीच्या बायका नसत्या तर गिटार ऐकायला कोण असतं?

या अभ्यासक्षेत्राचा पाया ज्यांनी घातला त्यांना हे ठाऊक होतं. टेरेन्स रेंजर यांनी १९७५च्या आपल्या पुस्तकात पूर्व आफ्रिकेतल्या बेनी नृत्यमंडळांचा मागोवा घेतला. लष्करी बँडची नक्कल, सभासदांना हुद्दे, प्रतिस्पर्धी मंडळावर कुरघोडी करण्यासाठी केलेला खर्च, हा सगळा थाट त्यात आहेच. पण परगावी मेलेल्या सभासदाला माती देण्याची जबाबदारीही मंडळाचीच होती. डेव्हिड कोपलान यांनी दक्षिण आफ्रिकेच्या वस्त्यांबद्दल लिहिलं, ते याच वाटेने.

लागोसचं उदाहरण मात्र या मांडणीला अडतं, आणि ते अडावंच. फेलाचं श्राइन, म्हणजे त्याचा नाइटक्लब, एका माणसाच्या प्रतिभेवर आणि हट्टावर उभं होतं. गाण्यांच्या मधे तो सत्ताधाऱ्यांची खरडपट्टी काढी, लोक खालून उत्तरं देत. या झोडपण्याला ‘याबिस’ म्हणतात. १९७७ साली सैनिकांनी त्याचं राहतं घर, कलाकुटा, जाळलं. १९९७ साली तो गेला. असा माणूस गेल्यावर मागे काय उरतं? इथे त्याची मुलं उभी राहिली: १९९८पासून त्याच्या नावाचा वार्षिक उत्सव सुरू झाला आणि २०००मध्ये लागोसच्या इकेजा भागात नवं श्राइन उघडलं.

अमापियानो तर आपल्या डोळ्यांदेखत वाढलं. गेल्या दशकाच्या मध्यावर गाउटेंग प्रांतातल्या वस्त्यांमध्ये ते आकाराला आलं आणि व्हॉट्सॲपच्या गटांतून, प्रवासी टॅक्सींच्या स्पीकरांतून पसरलं. मोठ्या कंपन्या आल्या त्या मागाहून. ते गट, त्या टॅक्सी, तिथली शनिवारची अंगणं यांवर अजून पुष्कळ लिहायचं बाकी आहे, आणि ते काम तुमची वाट पाहत आहे.

एक सवय मात्र आतापासूनच लावून घ्या. किन्शासातल्या गाण्याचा उत्तरार्ध सुरू होतो, त्याला सेबेन म्हणतात. गिटार एकाच फेऱ्यात घुमू लागते, गर्दी उठते आणि ‘अतालाकू’ म्हणजे आरोळ्या देणारा गडी आश्रयदात्यांची नावं पुकारतो. अशा पुकाऱ्याला ‘लिबांगा’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ दगड. तो दगड भिरकावला गेला, की मंचावरची नजर काढा. ज्याचं नाव घेतलं तो कुठे बसला आहे, त्याच्या टेबलाशी कोण कोण आहे आणि कोणाचं नाव अजून आलेलं नाही, ते बघा.