लाल उकड आणि एका जिवाणूचे बारसे (थ्रेड)

इ. स. १८१९, ऑगस्ट महिना. इटलीतील पादुआजवळच्या लेन्यारो गावी एका शेतकऱ्याच्या घरातील पोलेंटा, म्हणजे मक्याच्या पिठाची उकड, रक्तासारखी लाल झाली. पाठोपाठ शेजारच्या घरांतही तेच घडले. गावकऱ्यांना हा दैवी कोप वाटला.

शासनाने चौकशीसाठी तज्ज्ञ नेमले. बार्तोलोमेओ बिझिओ या तरुण औषधशास्त्रज्ञाने मात्र स्वतंत्रपणे शोध घेतला. उबदार, दमट हवेत त्याने ताज्या उकडीवर तोच लाल रंग मुद्दाम वाढवून दाखवला. लाली पसरते, म्हणजे ती सजीव आहे, हा त्याचा निष्कर्ष अचूक होता. तो सजीव म्हणजे देठ नसलेली बुरशी, हा तर्क मात्र चुकला. जिवाणू नावाचा वर्गच तेव्हा अस्तित्वात नव्हता, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही.

१८२३ साली त्याने नाव दिले ‘सेराशिया मार्सेसेन्स’. ‘मार्सेसेन्स’ म्हणजे कोमेजणारी, कारण रंग लवकर उडे. ‘सेराशिया’ हे नाव सेराफिनो सेराती या इटालियन भौतिकशास्त्रज्ञावरून. वाफेच्या नौकेचे श्रेय सेरातींना न मिळता परक्यांना गेले, ही बिझिओची खंत होती. उकडीशी सेरातींचा काडीमात्र संबंध नव्हता!

पुढे बर्लिनच्या एरेनबर्गने याच जीवाला १८४८ मध्ये ‘मोनास प्रोडिजिओसा’ म्हटले आणि ‘प्रोडिजिओसा’ हेच विशेषण रूढ झाले. लाल रंगद्रव्याचे ‘प्रोडिजिओसिन’ हे नाव त्यावरूनच आले. अखेर १९२३ च्या ‘बर्गी’च्या वर्गीकरणग्रंथाने अग्रक्रमाच्या न्यायाने बिझिओचे नाव परत आणले.

दरम्यान रंगाने विज्ञानावर मोठे उपकार केले होते. १८७० च्या दशकारंभी श्रोटरने बटाट्याच्या कापांवर रंगीत जिवाणूंचे ठिपके वेगवेगळे वाढवले. प्रत्येक ठिपक्याची संतती आपला रंग टिकवून होती. शुद्ध संवर्धनाच्या तंत्राची ही पूर्वतयारी.

परंतु याच रंगाने फसवलेही. सेराशियाचे बिनरंगी प्रकार पुष्कळ आहेत आणि रुग्णांत बहुधा तेच आढळतात. लालीवरूनच ओळख पटवणाऱ्यांच्या नजरेतून ते निसटत राहिले. पाण्यात नि मातीत सहज राहणारा हा जिवाणू निरुपद्रवी मानला गेला. रंगामुळे माग काढणे सोपे, म्हणून सप्टेंबर १९५० मध्ये अमेरिकी नौदलाने सॅन फ्रान्सिस्कोवर चाचणीसाठी त्याचा फवारा सोडला. त्यानंतर तेथील स्टॅनफर्ड रुग्णालयात ११ जणांना त्याचा संसर्ग झाल्याचे आढळले, एक दगावला. त्या फवाऱ्याशी या संसर्गाचा संबंध सिद्ध झालेला नाही, वाद मात्र मिटलेला नाही.

आज कूळ ठरते ते जनुकांवरून. २०१६ च्या फेरमांडणीत सेराशियाची रवानगी येर्सिनिया कुळात झाली. १८९७ साली पुणे हादरवणाऱ्या प्लेगचा जिवाणूही याच कुळातला.