बोथचा आमदार आणि आबांची पहाणी

आबांच्या ट्रंकेत जमिनीचे कागद तीन लिप्यांत होते. निजामाच्या अमलातले उर्दूत, त्यानंतरची पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, तेलुगूत आणि इस्लापूरच्या आत्याच्या वाटणीचा सात-बारा मराठीत. आबांना उर्दू लिहिता यायचं, मराठी वाचता यायचं. तेलुगू ते नुसतं बोलत, तेही बाजारापुरतं. त्यामुळे पहाणीवर आपलं नाव बरोबर चढलंय का, हे दुसऱ्याला विचारल्याशिवाय त्यांना कधी कळलं नाही.

1956 च्या राज्यपुनर्रचनेत हैदराबाद राज्य मोडलं. आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात गेला, किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात. आमच्या बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल तेवढं वेगळं काढून पलीकडे दिलं. म्हणजे आत्याचं सासर परराज्यात! पोळ्याला ती यायची तेव्हा आबा तिला, "काय मुंबईवाले, पाऊस कसा आहे?" असं चिडवायचे.

आमदाराचा विषय निघाला की आबा म्हणत, "आमदार हैद्राबादेत. गावात पटवारी." ते खरंच होतं. कोणाच्या धुऱ्याची नोंद कुठे सरकवायची, हे पटवारी ठरवी. 1984 मध्ये मुख्यमंत्री एन. टी. रामारावांनी पाटील-पटवाऱ्यांची वंशपरंपरागत पदं रद्द केली, पुढल्या वर्षी तालुक्यांच्या जागी मंडलं आणली. पटवारी गेला आणि शेतकऱ्याला अडल्या कामासाठी आमदाराचं दार दिसू लागलं. मला वाटतं, बोथमध्ये आमदारकीला वजन आलं ते तेव्हापासून.

त्याच 1985 साली गोंड समाजाचे गोडाम रामाराव तेलुगू देसमकडून इथून निवडून आले, 1989 मध्ये पुन्हा. नंतर त्यांचे चिरंजीव नागेश 1994, 1999 आणि 2009 मध्ये. ही जागा आदिवासींसाठी राखीव. आबांना त्याचं वावडं नव्हतं. शेताची भाषा गोंडाला कळते, एवढं त्यांना पुरे होतं.

सीमेची खरी गंमत पुढे आहे. आमच्या बाजूचे, म्हणजे आताच्या तेलंगणातले, लंबाडे 1976 च्या कायद्याने अनुसूचित जमातींत आले. महाराष्ट्रातला तोच समाज, बंजारा, विमुक्त जातींत राहिला. म्हणून राठोड बापूराव 2014 आणि 2018 मध्ये, अनिल जाधव 2023 मध्ये बोथच्या राखीव जागेवरून आमदार होऊ शकले. या समावेशाला गोंडांचा विरोध आहे, आणि 2004 मध्ये बोथचे आमदार झालेले सोयम बापूराव त्या आंदोलनाच्या पुढे होते. आत्याच्या इस्लापूरकडे, किनवट मतदारसंघात, प्रदीप नाईक हे बंजारा समाजाचेच आमदार 2009 आणि 2014 मध्ये निवडून आले, पण तिथली जागा खुली.