किलपेक

इंग्लंडच्या हेरफर्डशर परगण्यातील एक छोटे खेडे. हेरफर्ड शहराच्या नैर्ऋत्येस सु. १४ किमी. अंतरावर, वेल्सच्या सीमेजवळ ते वसले असून तेथील बाराव्या शतकातील चर्चमुळे ते प्रसिद्ध आहे. मध्ययुगात हा भाग वेल्श चालीरीती दीर्घकाळ टिकून राहिलेल्या आर्चनफील्ड प्रदेशात मोडत असे. नॉर्मन विजयानंतर तो नॉर्मन सरदारांकडे गेला. १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’ या राजाज्ञेने झालेल्या जमीनपाहणीच्या ग्रंथात या खेड्याचा उल्लेख आहे.

सेंट मेरी व सेंट डेव्हिड यांना वाहिलेले हे चर्च सु. ११४० मध्ये लाल वालुकाश्मात बांधले गेले. भक्तांचे दालन, त्यापुढील वेदीकक्ष आणि शेवटी अर्धवर्तुळाकार गर्भागार अशी त्याची साधी रचना असून गोल कमानी व जाड भिंती ही लक्षणे असलेल्या रोमनेस्क शैलीत ते मोडते. ‘हेरफर्डशर संप्रदाय’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्थानिक शिल्पकारांनी येथे ख्रिस्ती, अँग्लो-सॅक्सन, केल्टिक व व्हायकिंग आकृतिबंध एकत्र गुंफले. दक्षिण दारावरील अर्धवर्तुळाकार शिल्पपट्टात जीवनवृक्ष कोरलेला असून बाजूच्या स्तंभांवर सर्प आणि वेलींत गुंतलेले योद्धे आहेत. आत, वेदीकक्षाच्या कमानीच्या स्तंभांवर संतांच्या मूर्ती एकावर एक उभ्या आहेत.

छपराच्या कडेखाली भिंतीतून पुढे आलेले कोरीव दगडी हस्त हे या वास्तूचे खरे वैभव होय. त्यांपैकी सु. ८५ आजही शाबूत असून त्यांवर कुत्रा व ससा, वादक, देवाचे कोकरू अशी शिल्पे आढळतात. जननेंद्रिय उघडे करून दाखविणारी ‘शीला ना गिग’ ही स्त्रीमूर्तीही त्यांतच असून ती अनिष्ट शक्ती दूर ठेवण्यासाठी होती की वासनेविरुद्धचा इशारा म्हणून, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

चर्चच्या पश्चिमेस मातीच्या उंच टेकाडावर नॉर्मन किल्ल्याच्या भिंतींचे अवशेष आहेत, तर ईशान्येकडील कुरणांत उजाड झालेल्या मध्ययुगीन वस्तीच्या खुणा उंचवट्यांच्या व खोलगट रेषांच्या रूपाने दिसतात. किल्ला ढासळला आणि जुनी वस्ती ओस पडली, तरी चर्चमध्ये आजही उपासना होते. बहुतेक शिल्पे बाहेरच्या भिंतींवर असल्यामुळे पाहणाऱ्याने प्रथम चर्चभोवती सावकाश फेरी मारावी व मगच आत जावे. शिल्पांच्या एवढ्या परिपूर्ण संचासह टिकून राहिलेली रोमनेस्क ग्रामचर्चे इंग्लंडमध्ये फार थोडी आहेत.