कुंभारीतील वृद्ध विडी कामगार स्त्रिया आणि भौतिकोपचारातील सातत्य : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

सोलापूर-अक्कलकोट मार्गावरील कुंभारी हे गाव विडी कामगार स्त्रियांच्या वसाहतीमुळे कामगार चळवळीच्या इतिहासात नोंदले गेले आहे. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली दीर्घ संघर्ष होऊन गोदूताई परुळेकर यांच्या नावाने येथे दहा हजार घरे उभी राहिली. १ सप्टेंबर २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचे हस्तांतरण झाले. त्या वेळी पंचेचाळिशीत असलेल्या स्त्रीने २०२१ साली साठी गाठली. घराचा प्रश्न सुटलेल्या या पिढीपुढे आता शरीराचा प्रश्न उभा आहे. त्याचा विचार भौतिकोपचाराच्या, म्हणजेच फिजिओथेरपीच्या, इतिहासाच्या आधारे येथे केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

महाराष्ट्रात या उपचारशाखेची वाढ पोलिओच्या सावटाखाली झाली. १९४९ साली मुंबईत पोलिओची साथ आली. १९५० मध्ये कमला निंबकर यांनी के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले व त्यापाठोपाठ भौतिकोपचाराचे शिक्षणही सुरू झाले. १९५५ मध्ये हाजीअली येथे अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. साथीच्या काळात घडलेल्या या व्यवस्थेचे केंद्र रुग्णालय होते. रुग्णाने तेथे यावे, उपचार घ्यावेत व घरी जावे, अशी रीत रूढ झाली.

२७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. पुनर्वसनाची गरज मात्र संपली नाही, कारण रुग्णाचे वय बदलले होते. २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमाने जिल्हा रुग्णालयात भौतिकोपचाराची व अंथरुणाला खिळलेल्यांसाठी गृहभेटींची तरतूद केली. धोरणाने रुग्णालयाचा उंबरठा ओलांडला, असे म्हणता येईल.

सातत्याचे मूल्य

सातत्य का हवे, याचे उत्तर बोस्टन येथे झालेल्या व १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मिळते. मारिया फियातारोने व सहकाऱ्यांनी नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांकडून आठ आठवडे पायांच्या स्नायूंचा भारयुक्त व्यायाम करून घेतला. तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांचे स्नायुबल सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. व्यायाम थांबताच चार आठवड्यांत कमाल बलात ३२ टक्के घट झाली. म्हणजे अतिवृद्धापकाळातही शक्ती मिळवता येते, परंतु ती साठवून ठेवता येत नाही.

विडी कामगार स्त्रीच्या बाबतीत हे सत्य अधिक कठोर ठरते. मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून, तासन्‌तास एकाच बैठकीत तिचे आयुष्य गेलेले असते. ती दिवसभर राबत असल्याने तिला वेगळ्या व्यायामाची गरज नाही, हा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः या श्रमात बोटे झिजतात, तर मांडीचे स्नायू व तोल सांभाळण्याची क्षमता यांना काम मिळत नाही. मजुरी हजार विड्यांमागे मिळत असल्याने रुग्णालयाची प्रत्येक फेरी म्हणजे बुडालेली मजुरी होय. त्यामुळे दुखणे थोडे कमी होताच उपचार सुटतो. पुढे जमिनीवरून उठणे, शौचास जाणे, तयार विड्या कारखान्यात पोचवणे यांसाठी ती परावलंबी होते. एका पडण्याने मांडीचे हाड मोडले, तर हे परावलंबन कायमचे होऊ शकते.

समारोप

१९७६ च्या विडी कामगार कल्याण निधी कायद्याने दवाखाने व घरकुले यांना आधार दिला होता. त्यासाठीचा उपकर २०१७ मध्ये रद्द झाला. १९ जानेवारी २०२४ रोजी कुंभारीतच रे नगरमधील पंधरा हजार घरे असंघटित कामगारांना मिळाली. वसाहत वाढत आहे आणि तिच्यातील वार्धक्यही वाढणार आहे. कुंभारीत वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय असल्याने येथे तज्ज्ञ अगदीच दूर नाहीत. उणीव आहे ती नियमित संपर्काची. वसाहतीच्या समाजमंदिरात आठवड्यातून काही दिवस सामूहिक व्यायाम, प्रशिक्षित स्थानिक स्त्रीची देखरेख आणि महिन्यातून एकदा भौतिकोपचारतज्ज्ञाची तपासणी, एवढी व्यवस्थाही पुष्कळ साधू शकेल. ज्या स्त्रियांनी संघटितपणे घर मिळवले, त्यांना त्या घरात स्वतःच्या पायांवर वावरता यावे, ही त्या लढ्याचीच पुढची मागणी आहे.